आल्याचे औषधी गुण आणि त्यांवरील बोजा

आल्याची लागवड केव्हां करावी, बेणें कसें निवडावें, कंदकूज दिसतांच आळवणी कशाची द्यावी, हें या मासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव-कराडकडील शेतकरी काय, किंवा मराठवाड्यांतील कन्नड-खुलताबादकडील काय, अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणें मातीआड करण्यांत त्यांचा हात धरणारे थोडेच. आम्ही आज लिहितों तें त्यापुढील गोष्टीविषयीं. हें मूळ वावरांतून निघून माजघरांत आलें म्हणजे त्याचें औषध होतें, आणि औषध झालें कीं त्याचें माप सुटतें. ५०० किलोंच्या गाडीमागें चार किलो कडता धरणाऱ्या व्यापाऱ्याशीं तास तास हुज्जत घालणारा शेतकरी तेंच आलें घरांत आजाऱ्यास किती द्यावें, कोणास मुळींच देऊं नये, याचा विचार क्षणभरही करीत नाहीं. ही फिर्याद आम्ही दुसऱ्या कोणाविरुद्ध करीत नसून प्रथम स्वतःविरुद्धच दाखल करीत आहों.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली व नुकतेच निवृत्त झालों. त्या काळांत सात-बाराचे उतारे किती लिहिले व किती तपासले याची गणती नाहीं. उतारा हातीं आला कीं खातेदार आपलें नांव पाहतो, क्षेत्र पाहतो, आणि कागदाची घडी करून खिशांत घालतो. ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना आहे, त्यांत सोसायटीचा बोजा असेल, कोणाची वाट असेल, कोणाचा विहिरींत हिस्सा असेल, तो रकाना तंटा उभा राहीपर्यंत कोणी वाचीत नाहीं. आल्याचें असेंच झालें आहे. त्याच्या गुणांची नोंद प्रत्येकास पाठ आहे. त्यावरील बोजा कोणी वाचलेला नाहीं.

दोन वर्षांमागें आल्याचा भाव इतका पडला कीं काढणीची मजुरी निघेना. आमच्या थोरल्या बंधूंचें वीस गुंठे आलें होतें. त्यांतील कांहीं विकलें, कांहीं जमिनींतच ठेविलें आणि बरेचसें घरांत येऊन पडलें. थोरल्या बंधूंस त्याआधीं आठ महिने हृदयाचा झटका येऊन गेला होता. रक्तवाहिनींत जाळी बसविली होती व रक्ताची गांठ होऊं नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या रोज चालू होत्या. अशांत कोणीतरी मोबाइलवर आलेला एक निरोप त्यांस दाखविला. आलें, लसूण, लिंबू व मध यांचा रस रोज उपाशी पोटीं घेतल्यास रक्तवाहिन्यांतील अडथळे विरघळतात, असा त्याचा आशय. आलें घरचें, लसूण घरचा, लिंबू परसांतलें. खर्च काय तो मधाचा. बंधूंनीं श्रावणापासून रोज सकाळीं अर्धा पेला रस घेण्यास प्रारंभ केला. गोळ्या बंद केल्या नाहींत, हें त्यांतल्या त्यांत नशीब.

त्याच श्रावणांत आमच्या सूनबाईंस दुसरा महिना लागला होता. मळमळ अशी कीं फोडणीचा वास आला तरी तोंड फिरवावें लागे. पोटांत भात ठरेना. त्यांच्या माहेरच्या एका बाईंनीं सुंठीची चिमूट चाटण्यास सुचविलें. परंतु आमच्या मातोश्रींनीं, ज्यांचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे, तें साफ नाकारलें. “सुंठ उष्ण. पोटुशीला उष्ण द्यायचं नाही,” हा त्यांचा निवाडा; आणि आमच्या घरांत मातोश्रींच्या निवाड्यावर अपील नाहीं.

म्हणजे एकाच छपराखालीं, एकाच ढिगांतलें आलें एका माणसास अर्धा अर्धा पेला चाललें होतें आणि दुसऱ्यास चिमूटभरही नाकारलें जात होतें. ज्यास दिलें त्यास तें द्यावयाचें नव्हतें, आणि जिला नाकारलें तिला त्याचा खरोखर उपयोग झाला असता. हें आम्हांस त्या वेळीं कळलें नाहीं. कळलें तें अश्विनांत.

अश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यांत बंधूंस जिना चढतांना घेरी आली. चेहरा पांढरा पडला होता. विचारतां विचारतां असें निघालें कीं आठवडाभर शौचास डांबरासारखें काळें होत आहे, पण लोहाच्या गोळीनें होत असेल म्हणून ते गप्प राहिले. इस्पितळांत दुर्बीण घालून पाहिलें तों जठरांत व्रण होऊन रक्त झिरपत होतें. दोन बाटल्या रक्त द्यावें लागलें. दाखल करितांना डॉक्टरांनीं स्पष्ट विचारलें होतें कीं, या गोळ्यांखेरीज आणखी कांहीं औषध चालू आहे काय? बंधू म्हणाले, नाहीं. शेजारीं कागदपत्रांची फाइल घेऊन आम्ही उभे होतों. आम्हींही म्हटलें, नाहीं. आणि आम्ही खोटें बोललों असें आम्हां दोघांसही वाटलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं थर्मासमधून आल्याचा काढा आणला, त्याचा वास परिचारिकेस आला, आणि मग सारें बाहेर पडलें.

डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं सांगितलें तें आम्ही येथें जसेंच्या तसें नोंदवितों, कारण आल्यावर खोटा आरोप यावा अशी आमची इच्छा नाहीं. ते म्हणाले कीं, हा व्रण आल्यानेंच झाला असें कोणी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. ज्या दोन गोळ्या चालू आहेत त्या एकट्याही असा व्रण करूं शकतात. परंतु असा तिखट रस रोज उपाशी पोटीं ओतल्यानें जळजळ वाढते, आणि आल्यांतील द्रव्यें मोठ्या प्रमाणांत घेतल्यास रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावण्याचा संभव असतो. ज्याचें रक्त आधींच औषधानें पातळ ठेविलें आहे त्यानें हा धोका कशासाठीं पत्करावा? आमच्या मनास मात्र लागलें तें त्यांचें पुढचें वाक्य. ते म्हणाले, “तुम्ही तें औषध म्हणून घेत होतां कीं नाहीं? मग औषध म्हणून सांगितलें कां नाहीं?”

यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं एका वैद्यमित्राकडे बसून जुना ग्रंथ उघडला. सोळाव्या शतकांतील भावमिश्रांच्या भावप्रकाशांत आल्याचे गुण यथास्थित सांगितले आहेत. जेवणापूर्वीं सैंधवाबरोबर आल्याचा तुकडा चघळणें हितकर, त्यानें अग्नि प्रदीप्त होतो व रुचि येते, हेंही तेथेंच आहे. सुंठीस महौषध व विश्वभेषज हीं नांवें आपल्या शास्त्रानें दिलीं तीं उगीच नव्हत. परंतु त्याच ग्रंथांत, त्याच प्रकरणांत, आलें कोठें वर्ज्य तेंही लिहिलें आहे. कुष्ठ, पांडु, मूत्रकृच्छ्र, रक्तपित्त, व्रण, ज्वर आणि दाह यांत आलें प्रशस्त नाहीं. तसेंच ग्रीष्म व शरद या दोन ऋतूंत नाहीं. हाच तो ‘इतर हक्क’ रकाना! रक्तपित्त म्हणजे शरीरांतून रक्त वाहण्याचा विकार, व्रण होताच, आणि अश्विन म्हणजे शरदाचा ऐन मध्य. आमच्या बंधूंच्या एकाच खात्यावर तीन नोंदी निघाल्या. चारशे वर्षांपूर्वींच्या वैद्यास जाळी व गोळ्या ठाऊक नव्हत्या, पण रक्त वाहण्याची प्रवृत्ति असलेल्यास आलें देऊं नये हें ठाऊक होतें. आयुर्वेदाचें नांव घेऊन आल्याची स्तुति करणारे आमच्यासारखे लोक ग्रंथाचें अर्धें पान वाचतात, ही आयुर्वेदाची चूक नव्हे.

त्या ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, ती शेतकऱ्यानें ध्यानांत घेण्याजोगी आहे. ओलें आलें आणि सुंठ हीं शास्त्रानें एक मानलेलीं नाहींत. ओलें आलें रूक्ष, तर सुंठ स्निग्ध, असा भेद केला आहे. आजचें रसायनशास्त्र वेगळ्या भाषेंत बोलतें, तरी भेद तेंही करितें. ओल्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल नांवाच्या द्रव्याचा असतो. वाळवितांना त्याचा कांहीं अंश पालटून शोगाओल होतें, आणि तें अधिक तिखट असतें. शिवाय ओल्या आल्यांत पांच भागांतील चार भाग पाणीच. आपणां उत्पादकांस हें तोंडपाठ आहे कीं १०० किलो ओल्या आल्याची सुंठ सुमारें २० किलोच पडते. मग ओलें व सुकें यांची मात्रा एक कशी असेल?

येथें आमचा कारकुनी स्वभाव जागा झाला, आणि आम्ही सोनाराच्या कांट्यावर जाऊन बसलों. सुंठीची बारीक पूड चहाच्या चमच्यांत सपाट भरली तर ती सुमारें २ ग्रॅम भरते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशांत सुंठीच्या चुर्णाची मात्रा १ ते २ ग्रॅम दिली आहे, म्हणजे अर्ध्यापासून एक सपाट चमचा. आधुनिक वैद्यकाच्या पुस्तकांतून धडधाकट मोठ्या माणसास दिवसभरांत सर्व मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊं नये अशी मर्यादा सामान्यतः सांगतात. आतां बंधूंचा अर्धा पेला पाहूं. वहिनी त्यासाठीं रोज पांच-सहा तोळे आलें किसून पिळीत असत. तें वाळविलें असतें तर बारा ग्रॅमच्या आसपास सुंठ झाली असती. चोथ्यांत बरेंच राहतें असें धरून निम्में वजा केलें तरी माप मर्यादेच्या पुढें जातें, आणि तेंही एका दमांत, रिकाम्या पोटीं, लसणीच्या सोबतीनें. चहांत ठेचून टाकलेला सुपारीएवढा तुकडा निराळा आणि हा पेला निराळा. चहांतील आल्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. तें असतें तर घरांत आम्हांस चहा मिळाला नसता.

आतां सूनबाईंचें सांगतों. इस्पितळाच्या फेऱ्यांत त्यांस तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे दाखविलें, आणि एकदां पोळल्यामुळें आम्हीं आधींच विचारून घेतलें कीं सुंठ द्यावी काय. बाईंनीं सांगितलें कीं अवश्य द्या, पण दिवसाला १ ग्रॅमच्या आंत, आणि तीही चार भाग करून. यामागें नुसता अनुभव नसून पुरावा आहे. २००१ सालीं थायलंडमधील डॉक्टरांनीं ७० गरोदर स्त्रियांवर चार दिवस चांचणी केली. निम्म्यांना दिवसांतून चार वेळां पाव पाव ग्रॅम सुंठ दिली व निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ पुड्या. सुंठ घेणारींची मळमळ स्पष्टपणें कमी झाली. पुढें झालेल्या अशा अनेक चांचण्या एकत्र करून पाहिल्या असतां मळमळ कमी होते पण उलट्यांची संख्या तितकीशी घटत नाहीं, असें दिसून आलें. आमच्या घरींही नेमकें तसेंच झालें. सोनाराकडून ग्रॅमच्या पुड्या बांधून आणल्या, प्रत्येकीचे चार भाग केले. चौथ्या दिवसापासून सूनबाई वरणभात खाऊं लागल्या. सकाळची एक उलटी कांहीं आठवडे राहिली, ती आपल्या वेळेनें गेली. मातोश्री हें सारें मुकाट्यानें पाहत होत्या. एका संध्याकाळीं म्हणाल्या, “मग माझ्या वेळेला कुणी का नाही सांगितलं? पाच बाळंतपणं कोरड्या ओकाऱ्यांत काढली मी.” आमच्यानें तेथें बसवलें नाहीं.

मळमळीवरील हा गुण आल्याचा सर्वांत भक्कम गुण आहे, असें आमचें वाचनावरून मत झालें आहे. १९८८ सालीं डेन्मार्कमध्यें आरमाराच्या ८० नवशिक्या उमेदवारांस खवळलेल्या समुद्रांत १ ग्रॅम सुंठ देऊन पाहिली. उलट्या व थंड घाम यांत फरक पडला. बोट लागण्यावरच्या इतर चांचण्या सर्वच इतक्या अनुकूल नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. तरी घाटांत एस.टी. लागणाऱ्या मंडळींनीं निघण्यापूर्वीं अर्ध्या तासावर सुंठीची चिमूट घेऊन पाहण्यास हरकत नाहीं. आल्यानें अन्न जठरांतून लवकर पुढें सरकतें, हेंही तैवानमध्यें २००८ सालीं २४ निरोगी माणसांवर मोजून पाहिलें आहे. जेवणापूर्वींचा सैंधव-आल्याचा तुकडा आपल्या वाडवडिलांनीं सांगितला त्यास हा एक आधारच म्हणावयाचा. स्त्रियांच्या मासिक वेदनेंत पहिल्या तीन-चार दिवसांत सुंठीनें आराम पडल्याचेही पुरावे बऱ्यापैकीं आहेत.

सांधेदुखीकडे आलों कीं पाऊल जपून टाकावें लागतें. अमेरिकेंत २००१ सालीं गुडघेदुखीच्या २४७ रोग्यांवर आल्याच्या अर्काची चांचणी प्रसिद्ध झाली. दुखणें कमी झालें, पण माफक. त्याच चांचणींत पोटाच्या तक्रारी आलें घेणाऱ्यांपैकीं ५९ जणांस झाल्या आणि पोकळ औषध घेणाऱ्यांपैकीं २१ जणांस. तक्रारी बहुतेक सौम्यच, जळजळ, ढेकर, ढाळ अशा. परंतु आंकडा आंकडा आहे. जाहिरातींत पहिलें वाक्य छापतात, दुसरें छापीत नाहींत.

सर्दी-खोकल्याचें काय, असें कोणी विचारील. आल्याचा रस मधांत चाटल्यानें घसा मऊ पडतो, ऊब येते, बरें वाटतें. हें आम्ही नाकारीत नाहीं. पण सुंठीवाचून खोकला गेला ही म्हण आपल्याच भाषेंत आहे, आणि ती लिहिणाऱ्यानें न कळत मोठें वैद्यक सांगितलें आहे. साधी सर्दी आठवड्यानें आपली आपण जाते. श्रेय जवळ जें उभें असेल त्यास मिळतें. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, मिरें, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसांतून एक किंवा दोन वेळां घ्यावा असें सुचविलें होतें. आमच्या गांवांत तो काढा चुलीवर दिवसभर उकळत असे आणि जो येईल तो पेला भरून घेई. ‘एक किंवा दोन वेळां’ हे शब्द कोठें गळाले, कोणास ठाऊक. पित्तानें छातींत जळजळ होऊन किती जण रात्र रात्र बसून राहिले तें आम्हीं पाहिलें आहे, आणि त्यांतले आम्हीही एक होतों.

मोबाइलवरील आणखी एका निरोपाचा समाचार घेणें भाग आहे. कर्करोगावर आलें हें रुग्णालयांतील औषधाहून दहा हजार पटीनें गुणकारी, असा तो निरोप. त्याचें मूळ २०१५ सालच्या एका प्रयोगांत आहे. तो प्रयोग कांचेच्या बशींत वाढविलेल्या पेशींवर, शोगाओल हें एकच द्रव्य वेगळें काढून केलेला होता. माणसावर नव्हे, आल्यावरही नव्हे. वावरांतील माती प्रयोगशाळेंत तपासली म्हणजे पीक हातीं आलें असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं. पण औषधाच्या बाबतींत आपण तेंच म्हणतों. या निरोपावर विसंबून एखाद्यानें चालू उपचार सोडला, तर त्याच्या घरच्यांनीं कोणाकडे दाद मागावी? कर्करोगाच्या औषधानें होणारी मळमळ सुंठीनें कांहीं रोग्यांत कमी होते, असें कांहीं चांचण्यांत दिसलें आहे. तेवढ्यापुरतें डॉक्टरांस विचारून घ्यावें.

मग जपावें कोणीं? रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीं, हें आलेंच. वॉरफॅरिन घेणाऱ्या रोग्यांत आल्यामुळें रक्त अधिक पातळ झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत; निरोगी माणसांवरील एका चांचणींत तसा परिणाम दिसला नाहीं. पुरावा असा दुमताचा असतां जुगार आपल्या जिवावर खेळूं नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आल्याचे अर्क व सुंठीच्या पुड्या आधींच थांबवाव्या, आणि किती दिवस आधीं तें शस्त्रवैद्यास विचारावें. पित्ताशयांत खडे असणाऱ्यांनींही विचारावें, कारण आल्यानें पित्ताचा स्राव वाढतो. ज्यांस आम्लपित्त आहे त्यांचें पोट त्यांस सांगतेंच, तें ऐकावें. मधुमेह्यांची गंमत निराळी आहे. आल्यानें साखर किंचित् उतरते असें कांहीं चांचण्यांत दिसलें, म्हणून गोळ्या घेणाऱ्यांनीं मोठ्या मात्रेंत घेण्यापूर्वीं सावध असावें हें खरें. पण आमचे एक परिचित मधुमेहावर औषध म्हणून रोज आलेपाकाच्या चार वड्या खात असत. वडींत आलें किती व साखर किती, हें त्यांच्या सौभाग्यवतींनाच ठाऊक.

तान्ह्या मुलांविषयीं दोन शब्द. बाळगुटींत सुंठेचे वेढे सहाणेवर उगाळण्याची चाल आपल्या घराघरांत आहे, आणि ती मोडावी असें म्हटलें कीं म्हाताऱ्या बायका आमच्यावर तुटून पडतील. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको, असें आजचे बालरोगतज्ज्ञ एकमुखानें सांगतात, आणि आमच्या नातवाच्या वेळीं तें आम्हीं पाळलें. रामनवमीस व गोकुळाष्टमीस देवळांत मिळणारा चिमूटभर सुंठवडा मोठ्यांनीं खुशाल खावा.

एक सूचना खास उत्पादकांस. विकावयाच्या मालास आपण जी निगा घेतों ती घरच्या औषधी आल्यास घेत नाहीं. कंदमाशी किंवा कंदकुजीसाठीं आळवणी केलेल्या वाफ्यांतलें आलें औषधाच्या डबीवरील प्रतीक्षेची मुदत संपण्यापूर्वीं उपटून चहांत टाकलेलें आम्हीं पाहिलें आहे. घरासाठीं एक वाफा वेगळा राखावा, किंवा निदान मुदत भरूं द्यावी. तसेंच बाजारांतील पांढरीशुभ्र सुंठ पाहून भुलूं नये. चुन्याच्या निवळींत बुडवून व गंधकाची धुरी देऊन सुंठीस तो रंग आणतात, आणि गंधकाचा अंश दमेकऱ्यास बाधूं शकतो. उन्हांत वाळविलेली मळकट सुंठ दिसावयास वाईट, पण घरच्या उपयोगास तीच बरी.

शेवटीं संस्थेपुढें मागणें. आपले बरेच सभासद हल्लीं घरीं सुंठ, आलेपाक व आल्याचा अर्क तयार करून पाकिटांतून विकतात. भाव पडल्याच्या वर्षीं तो मोठा आधार होतो, आणि आम्हीही त्या बाजूचेच आहों. पण कांहीं पाकिटांवर दमा, मधुमेह, संधिवात, हृदयविकार व कर्करोग यांवर रामबाण, असें छापलेलें असतें. १९५४ च्या औषधें व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानें मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशा रोगांवर औषधाची जाहिरात करणें हा गुन्हा आहे, हें त्या सभासदांस बहुधा माहीत नसावें. कायदा बाजूला ठेविला, तरी असें पाकीट आमच्या बंधूंसारख्या माणसाच्या हातीं पडतें, ही गोष्ट राहतेच. आमची मागणी एवढीच कीं, संस्थेच्या शिफारशीनें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर रोगांची यादी न छापतां, दिवसाची मात्रा ग्रॅममध्यें व चमच्यांत छापावी, आणि खालीं ठळक अक्षरांत एक ओळ घालावी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पित्ताचे खडे किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांस सांगून घ्यावें.

यावर एका सभासदांनीं आम्हांस तोंडावर सांगितलें कीं, असली ओळ छापली तर गिऱ्हाईक बिचकेल व खप बसेल. आमचें मत उलट आहे. मात्रा न लिहिलेली वस्तू गिऱ्हाईक मसाल्याच्या भावानें घेतें. मात्रा लिहिलेली वस्तू औषधाच्या भावानें घेतें. आणि समजा चार पाकिटें कमी खपलीं, तर इस्पितळांत भरलेल्या दोन बाटल्या रक्ताची किंमत आम्ही पावतीसह दाखवावयास तयार आहों.

बंधूंची प्रकृति आतां ठीक आहे. गोळ्या चालू आहेत. सकाळचा पेला बंद आहे. चहांत आल्याचा तुकडा पडतो, तोही डॉक्टरांस विचारून. घरांतील प्रत्येकाच्या औषधांची यादी आम्हीं एका कागदावर केली आहे, आणि तींत काढे, चाटणें, पुड्या, मातोश्रींचें हिंगाचें पाणी, सारें लिहून ठेविलें आहे. तो कागद दवाखान्यांत जातांना फाइलींत वरच्या वर असतो. वरील ठराव येत्या सर्वसाधारण सभेंत आम्ही मांडणार आहों. सूचक आम्ही, अनुमोदक म्हणून थोरल्या बंधूंनीं आपलें नांव दिलें आहे.